चौकोनांची खंडेनवमी

परवेझ तांबोळीचे घर आणि त्याची इमारत ही दोन्ही कधी एका गावात नांदली नाहीत. घर भिंगारला, सदर बाजारामागच्या गल्लीत; इमारती चाकणला, हिंजवडीला, सुरतेला, आणि मधली काही वर्षे थेट मस्कतला. नगरच्या आयटीआयमधून वीजतंत्रीचा दाखला घेऊन तो बाहेर पडला, तेव्हापासून वयाच्या शेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्याने इतरांच्या वास्तूंमध्ये दिवे लावले आणि दिवे लागल्यावर आपली बॅग उचलून तो पुढच्या अंधाऱ्या वास्तूकडे निघाला. इमारत राहण्याजोगी झाली की तिथे राहायचे नाही, हा या धंद्याचा अलिखित करारच आहे. ज्या लिफ्टची पहिली फेरी त्याने मारली, तिची दुसरी फेरी त्याला क्वचितच लाभली.

त्यामुळे पाथर्डी रस्त्याला, भिंगारपासून स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरावर, एका विश्वस्त संस्थेचे रुग्णालय उभे राहू लागले आणि त्याच्या कंपनीने त्यालाच तिथे धाडले, तेव्हा परवेझला आपल्या नशिबाचा किंचित संशयच आला. दुपारी घरी जेवायला जाता येईल अशी नोकरी त्याने आजवर फक्त इतरांच्या बाबतीत पाहिली होती. त्यात संस्थेच्या सचिव पंकजाताई, ज्या निवृत्त प्राचार्या होत्या आणि ज्यांच्यासमोर बोलताना ठेकेदारसुद्धा हात मागे बांधत, एकदा सहज म्हणाल्या, "इमारत आमच्या ताब्यात आल्यावर देखभालीला एक प्रमुख लागेल. ताबा नीट मिळाला, तर बाहेरचा माणूस कशाला शोधायचा?"

हे वाक्य प्रश्नार्थक होते. परवेझने ते नेमणूकपत्र म्हणून घरी नेले. त्याची बायको मुबश्शिरा हिने ते गल्लीत सांगितले, आणि गल्लीने पुढच्याच आठवड्यात आपापल्या बंद पडलेल्या मिक्सरांसह त्याच्या दारात येऊन नव्या साहेबांचे अभिनंदन केले.

ताबा नीट देणे म्हणजे काय, हे सांगणे प्राप्त आहे. भिंतींना रंग लागला म्हणजे इमारत पूर्ण झाली असे बाहेरच्या माणसाला वाटते. आत मात्र तेव्हा कुठे खरी परीक्षा सुरू होते. पाण्याचे पंप, हवा खेळवणारी यंत्रे, जनित्र, प्राणवायूच्या नळ्या, आगीचे भोंगे, लिफ्ट, शवागारातली शीतकपाटे, उपाहारगृहातला फ्रीज, यांपैकी प्रत्येक वस्तू चालवून पाहायची, तिची तपासणी नोंदवायची, आणि मगच ती मालकाच्या हाती सोपवायची. पूर्वी हे काम फायलींच्या गठ्ठ्यांवर होई. आता त्यासाठी सॉफ्टवेअर आले होते. प्रत्येक यंत्रावर एक काळा-पांढरा चौकोन, म्हणजे क्यूआरचे स्टिकर, चिकटवायचे. हातातला टॅब त्यावर धरला की पडद्यावर त्या यंत्राचे नाव, मुक्काम, कारखान्याचा क्रमांक, हमीची मुदत आणि तपासणीचा निकाल उमटे. उत्तीर्ण यंत्र हिरवे, अनुत्तीर्ण लाल. या साऱ्याची घडी बसवण्याचे काम परवेझकडे होते आणि त्या कामाने त्याच्या डोक्यात जी हवा भरली, ती मोजणारे यंत्र त्या रुग्णालयात नव्हते.

नावे त्याने मराठीत भरली. पंपाच्या वर पाण्याची यंत्रणा, तिच्या वर खोली, खोलीच्या वर मजला, अशी रचना लावताना आपण वंशावळ लिहिणाऱ्या भाटाच्या तोडीचे काम करीत आहोत, अशी त्याची समजूत झाली. "दोनशे तीनमधला पंखा कुणाचा?" असे कोणी विचारले, तर टॅब न उघडता तो त्याचे कूळ सांगे. ऐकणारा निघून गेल्यावरही सांगे.

एक सुधारणा मात्र त्याची स्वतःची होती आणि तिचा त्याला विशेष अभिमान होता. सुरुवातीच्या स्टिकरांवर चौकोनाखाली यंत्राचा क्रमांक छापलेला असे. काही दिवसांत त्याच्या लक्षात आले की माणसे यंत्रापाशी जातच नाहीत. क्रमांक कागदावर उतरवून घेतात आणि पंख्याखाली बसून तपासणीचा निकाल भरतात. हा आळस मुळासकट उपटण्यासाठी परवेझने सगळे स्टिकर नव्याने छापून घेतले आणि त्यांवरून क्रमांक काढून टाकला. आता नुसता चौकोन उरला. यंत्रासमोर जाऊन टॅब धरल्याशिवाय काहीच कळणार नाही. स्टिकर मुद्दाम हलक्या गोंदाचे होते, कारण ताबा दिल्यावर त्यांच्या जागी धातूच्या कायमच्या पट्ट्या बसायच्या होत्या. कंपनीचा प्रकल्प व्यवस्थापक अमृत, जो पुण्याहून आठवड्यातून दोनदा येई आणि आल्याबरोबर परत कधी निघायचे याचा हिशोब करी, या कल्पनेवर खूश झाला. आपल्याला मिळालेल्या या शाबासकीचा विषय परवेझने घरी जेवताना आपणहून काढला.

"म्हणजे सगळे चौकोन सारखेच दिसतात?" मुबश्शिराने विचारले. ती बालवाडीत शिकवत असे.

"माणसाला सारखे दिसतात. टॅबला नाही."

"आमच्याकडे मुलांच्या डब्यांवर नाव लिहितात," ती म्हणाली आणि तिने त्याला आणखी एक भाकरी वाढली.

नवरात्र आले. अर्ध्याअधिक मजुरांचा आणि फिटरांचा ओढा मोहटादेवीच्या यात्रेकडे होता. जे मागे राहिले त्यांचे डोळे खंडेनवमीकडे लागले होते. त्या दिवशी हत्यारे, अवजारे, यंत्रे धुऊनपुसून पुजायची, हा रिवाज कारखान्यांत आहे तसाच बांधकामावरही आहे. परवेझने चाकणपासून सुरतेपर्यंत प्रत्येक साइटवर नवमीचा नारळ फोडला होता. जनित्राचा नारळ मुसलमान वीजतंत्र्याच्या हातून फुटला तर जनित्र रुसत नाही, असा त्याला वीस वर्षांचा अनुभव होता. यंदा मात्र त्याला वेगळीच काळजी लागली. धुण्याच्या भरात आपले चौकोन भिजणार. त्याने आदल्या दिवशी सगळ्यांना तळमजल्यावर जमवले.

"यंत्रं धुवा, पुसा, हार घाला, हळदकुंकू वाहा," तो म्हणाला. "पण चौकोनावर पाण्याचा एक थेंब पडलेला मला चालणार नाही. चौकोन कोरडा म्हणजे कोरडा."

"कोरडा म्हंजे कोरडा," फिटरांचा मुकादम कानिफनाथ म्हणाला. तो पाथर्डी तालुक्यातला, आडव्या बांध्याचा, आणि दिलेला हुकूम जसाच्या तसा पाळणारा गडी होता. "इषयच न्हाई, भाई."

नवमीच्या सकाळी परवेझ नगरातून पेढे घेऊन उशिराने पोहोचला. पाहतो तो सारी इमारत झळाळत होती. पंपांवर झेंडूच्या माळा, जनित्राच्या कपाळी कुंकवाचा मळवट, विजेच्या फलकांवर हळदीची बोटे. आणि प्रत्येक यंत्रावर, ताठ आणि कोरडा, त्याचा चौकोन. त्याचा ऊर भरून आला. त्याने जनित्राचा नारळ फोडला, पेढे वाटले, आणि कोणी विनंती केलेली नसताना एक लहानसे भाषण केले. शिस्त, स्वच्छता आणि आधुनिक पद्धत यांचा मिलाफ पाहायचा असेल तर तो आज इथे पाहावा, असे काहीसे तो म्हणाला. मग त्याने यंत्रांची छायाचित्रे काढून कंपनीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली आणि खाली लिहिले, "एकही स्टिकर ओले नाही." त्यावर अमृतने अंगठा टाकला.

टॅब मात्र त्याने त्या दिवशी एकाही यंत्रावर धरला नाही. सण होता.

दसरा झाल्यावर दोन दिवसांनी ताब्याची रंगीत तालीम ठरली होती. पंकजाताई, दोन विश्वस्त आणि अमृत अशी मंडळी आली. आरंभ उपाहारगृहापासून करावा, म्हणजे चहा घेता घेताच पद्धत समजावून सांगता येईल, हा परवेझचाच बेत. उपाहारगृह कामगारांसाठी आधीच सुरू झाले होते. फ्रीज नवा, उंच, पोलादी होता. त्याच्या दारावर चौकोन होता.

"ताई, तुम्ही स्वतः धरा," परवेझने टॅब पुढे केला. "अगदी सोपं आहे. यंत्र स्वतः आपली ओळख सांगतं."

पंकजाताईंनी टॅब धरला. पडद्यावर अक्षरे उमटली. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वर्गात धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात वाचले, "शीतकपाट. शवागार, तळघर. क्षमता दोन."

स्वयंपाकीणबाईंच्या हातातली किटली तशीच राहिली. "ह्यात मी दही ठेवलंय," त्या म्हणाल्या.

"तांत्रिक चूक," परवेझ म्हणाला. तो पुढच्या यंत्राकडे जवळजवळ धावला. भांडी धुण्याचे यंत्र म्हणाले की ते लिफ्ट क्रमांक दोन आहे. पाणी गाळण्याचे यंत्र स्वतःला प्रसूतिकक्षातला चाकांवरचा दिवा समजत होते. बाहेर व्हरांड्यातल्या विजेच्या फलकावर टॅब धरला, तर त्याने आपण उपाहारगृहातला फ्रीज असल्याचे सांगितले. एक विश्वस्त खिडकीकडे तोंड करून उभे राहिले; त्यांचे खांदे हलत होते. पंकजाताई हसल्या नाहीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, "हे कसं झालं?"

परवेझला ठाऊक नव्हते. ज्याला ठाऊक असण्याची शक्यता होती, त्या कानिफनाथाला बोलावणे गेले. तो हात पुसत आला.

"कानिफनाथ, नवमीला चौकोन कुणी हलवले?"

"हलवले न्हाई, भाई. काढले," कानिफनाथ म्हणाला. त्याच्या स्वरात अपराधाचा लवलेश नव्हता. "तुमीच म्हनले, थेंब पडाय न्हाई पायजे. मंग धुयाच्या आधी समदे काढून ठिवले. येकबी भिजला न्हाई. तुमी फोटूबी काढले की."

"काढून कुठे ठेवले?"

"मेसमधल्या मोठ्या परातीत. परात देवीच्या फोटूम्होरं मांडली. पोरं म्हनली, यंत्राची पूजा हाय आन यंत्राचं समदं गनित तर ह्या चौकोनात हाय, भाई रोज सांगत्यात. मंग त्येंचीबी पूजा केली. हळदकुकू वाह्यलं, अगरबत्ती लावली. लई मनापासून केली, खोटं कशाला सांगू."

"आणि मग?"

"मंग परसादावानी वाटले. ज्याच्या खोलीला जेवढे लागत हुते, तेवढे ज्यानं त्यानं नेले. येक कमी पडला न्हाई, येक जास्त झाला न्हाई." त्याने पुसलेले हात पुन्हा पुसले. "लावायच्या टायमाला येक जन म्हनला, कुठला कुठं लावायचा? म्या म्हनलं, समदे सारखेच तर हायेत. बघ नीट, काय फरक हाय का?"

फरक नव्हता. फरक राहू नये याची व्यवस्था परवेझने स्वतः, वेगळा खर्च मंजूर करून घेऊन, केली होती. त्या क्षणी त्याला कानिफनाथावर रागवायची फार इच्छा होती; पण हुकूम त्याचा, चौकोन त्याचा आणि भाषणही त्याचेच होते. रागवायला जागा म्हणून शोधली तर फक्त पेढे उरत होते.

विश्वस्त मंडळी चहाचे कप घेऊन व्हरांड्यात गेली तशी अमृतने परवेझला जिन्याखाली ओढले.

"घाबरू नका," अमृत म्हणाला. "स्टिकर आहेत तिथेच राहू द्या. आपण कॉम्प्युटरमध्ये नावं बदलू. ज्या चौकोनाखाली फ्रीज आहे, त्याचं नाव फ्रीज. चार पोरं बसवतो, दोन दिवसांत सगळं जुळेल."

"नावं जुळतील, साहेब. नावामागे तपासणीचा निकाल आहे, कारखान्याचा क्रमांक आहे, हमी आहे. ते सगळं दुसऱ्याच यंत्राचं राहील. तळघरात आगीचे दोन पंप आहेत, दिसायला जुळे. एक पास आहे, दुसरा गळतोय, तो बदलून यायचाय. त्या गळक्यावर उद्या पंख्याचा हिरवा निकाल दिसला तर?"

"ते नंतर सावकाश करा. तुम्ही तर इथेच राहणार आहात ना? मग झालं तर."

हे वाक्य परवेझने ओळखले. ओळखणारच, ते त्याचे होते. चाकणला, हिंजवडीला, सुरतेला, प्रत्येक ताब्याच्या दिवशी, पेटी टेम्पोत चढवता चढवता, मागे राहणाऱ्या देखभालीच्या माणसाला त्याने हेच सांगितले होते: ते तेवढे नंतर सावकाश करून घ्या. या धंद्यात जाणारा माणूस हे वाक्य मागे ठेवून जातो आणि राहणारा माणूस ते आयुष्यभर निस्तरतो. मस्कतच्या एका इमारतीतल्या केरळी गृहस्थाने तर परवेझचा फोन क्रमांक मिळवून वर्षभर त्याला दर शुक्रवारी शिव्या दिल्या होत्या. परवेझ त्या कौतुकाने ऐके, कारण मल्याळम त्याला कळत नसे. आता मात्र जाणारा अमृत होता आणि केरळी गृहस्थ होण्याची पाळी परवेझची होती.

पुढे ज्या कोणी त्याच्या प्रामाणिकपणाची वाखाणणी केली, त्या प्रत्येकाला तो बजावून सांगे की तो सत्याचा उमाळा वगैरे काही नव्हता. रात्री-अपरात्री भोंगा वाजला तर भिंगारहून लुंगीवर पळत कोण येणार, एवढाच विचार त्याच्या डोक्यात आला होता. पण विचार कुठूनही येवो, त्याचे उत्तर पंकजाताईंसमोर द्यायचे होते आणि त्या उत्तरावर त्याची जागा अवलंबून होती.

त्यांनी विचारलेच. "किती दिवस लागतील?"

"दोन दिवस," अमृत म्हणाला.

"दिवाळीनंतर," परवेझ म्हणाला. अमृतने त्याच्या पायावर पाय दिला. साइटवरचे पोलादी टोकाचे बूट असल्याने तो संदेश पोहोचला नाही. "प्रत्येक यंत्रापाशी जाऊन, कारखान्याची पट्टी वाचून, नवं स्टिकर लावावं लागेल, ताई. या खेपेला क्रमांकासह. दोन दिवसांत नुसतं दिसायला नीट होईल."

पंकजाताईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "मग ताबा दिवाळीनंतर. आणि तुमच्या जागेचं मी बोलले होते, तेही तेव्हाच. विश्वस्तांच्या डोळ्यांसमोर पदवी असलेला एक उमेदवार आहे. आज जे दिसलं, त्यानंतर त्यांना नाही म्हणायला माझ्याकडे फारसं काही उरलेलं नाही."

त्या संध्याकाळी मुबश्शिराने दार उघडताच विचारले, "क्या हुआ, पास हुए?"

"तारीख पुढे गेली," परवेझ म्हणाला.

"परीक्षेची की नोकरीची?"

त्याने सगळे सांगितले. परातीपर्यंत ती गंभीर होती. शवागाराच्या फ्रीजपाशी तिने ओढणीचे टोक तोंडात धरले. मग ती शेजारच्या खोलीत जाऊन बराच वेळ कपड्यांच्या घड्या घालत राहिली, आणि बाहेर आली तेव्हा तिचे डोळे पुसलेले होते. "गल्लीत काय सांगायचं?" तिने विचारले. "सगळे मिक्सर दुरुस्त करून घेऊन गेलेत."

दुसऱ्या दिवसापासून परवेझ आणि कानिफनाथ यांची प्रदक्षिणा सुरू झाली. प्रत्येक यंत्राच्या अंगावर कारखान्याची धातूची छोटी पट्टी असते आणि तिच्यावर त्याचा क्रमांक कोरलेला असतो. तो धुळीने, रंगाच्या शिंतोड्यांनी बुजतो आणि वाचायला आडवे-तिडवे व्हावे लागते. इथे मात्र एक नवल घडले होते. नवमीचे कुंकू त्या कोरलेल्या आकड्यांत जाऊन बसले होते. वरवरचे पुसले गेले आणि खाचेतले उरले; लाल आकडे दोन हातांवरून वाचता येत होते.

"बघा भाई," कानिफनाथ म्हणाला, "पूजा वाया जात न्हाई."

"पूजेनेच तर ही वेळ आणली."

"ती परातीची पूजा. ही येगळी."

तळघर झाले, तळमजला झाला. पास झालेला पंप आणि गळका पंप आपापल्या क्रमांकांना भेटले. कामाला लय सापडली तशी परवेझची मान पुन्हा थोडी ताठ होऊ लागली. छताला टांगलेल्या यंत्रांच्या बाबतीत तर त्याला खात्रीच होती. धुणाऱ्यांचे हात तिथवर पोहोचले नव्हते. त्यांचे चौकोन कोणी काढले नव्हते, परातीत गेले नव्हते, ते जिथल्या तिथे होते. तेवढा भाग तरी निर्दोष आहे, हे कानिफनाथाला दिसावे म्हणून त्याने मुद्दाम दुसऱ्या मजल्यावर शिडी लावायला सांगितली.

कानिफनाथाने वरून क्रमांक वाचला. परवेझने टॅबवर पाहिला. जुळत नव्हता.

पुढचे यंत्र. जुळत नव्हते. त्यापुढचे जुळले, आणि त्याच्या पलीकडची तीन नाहीत. परवेझ शिडीखाली उभा राहून आठवू लागला आणि आठवले तेव्हा न आठवते तर बरे, असे त्याला वाटले. गेल्या उन्हाळ्यात, छताला टांगायची यंत्रे आली त्या आठवड्यात, वर तापलेल्या स्लॅबखाली इतकी काहिली होती की त्याने शिडीवर चढण्याऐवजी यंत्रांबरोबर आलेल्या पावत्या साइट कार्यालयात मागवल्या आणि सगळे क्रमांक त्यांवरून टॅबमध्ये भरून टाकले. पंख्याखाली बसून. पावत्यांचा क्रम एक आणि टांगणाऱ्यांचा क्रम दुसरा. ज्या आळसाच्या नायनाटासाठी त्याने चौकोनांवरचे क्रमांक पुसले, त्या आळसाचा मूळपुरुष तोच होता. वंशावळीच्या मुळाशी भाटाला आपलेच नाव सापडले.

कानिफनाथ शिडीवरून खाली पाहत होता. छताला टांगलेल्या यंत्राकडे आणि परवेझकडे त्याने एकदोनदा पाहिले आणि अत्यंत शांतपणे विचारले, "भाई, ह्येंची पूजा कुनी केल्ती?"

परवेझ शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. हसू आले ते त्याला आधी थोपवता आले नाही आणि मग थांबवता आले नाही. वर कानिफनाथ हसू लागला तशी शिडी हलू लागली. तेव्हा दोघांनीही जिवाच्या भीतीने आवरते घेतले.

त्या आठवड्याचा अहवाल पंकजाताईंना जायचा होता. प्रत्येक दुरुस्तीसमोर कारण भरण्याची जागा होती. खालच्या यंत्रांसमोर 'स्टिकर अदलाबदल' असे लिहिणे सोपे होते. वरच्यांसमोरही तेच लिहिता आले असते. पूजा सर्वसमावेशक असते आणि वर पाहायला कोणी येणार नव्हते. परवेझने बराच वेळ टॅब मांडीवर धरला. शेवटी धैर्याचा आणि भित्रेपणाचा मध्य काढून त्याने 'अन्य' हा शब्द निवडला.

ताबा कार्तिक सरताना झाला. या वेळी पंकजाताईंनी परवेझला मागे राहायला सांगितले आणि कोणते यंत्र पाहायचे ते स्वतः ठरवले. त्यांनी तळघरापासून गच्चीपर्यंत मनात येईल तिथे टॅब धरला. जनित्र जनित्र निघाले. पंप पंप निघाले. चौकोनांखाली क्रमांक होते आणि ते पट्ट्यांवरच्या लाल आकड्यांशी जुळत होते. ज्या विश्वस्तांना मागच्या खेपेला खिडकीकडे तोंड करावे लागले होते, त्यांची किंचित निराशा झालेली दिसली.

मग पंकजाताईंनी परवेझला कार्यालयात बोलावले. समोर अहवाल होता.

"दुसऱ्या मजल्यावर छताच्या यंत्रांपुढे 'अन्य' असं कारण आहे," पंकजाताई म्हणाल्या. "अन्य म्हणजे काय?"

"अन्य म्हणजे मी, ताई," परवेझ म्हणाला. सांगायला सुरुवात केल्यावर त्याने उन्हाळा, स्लॅब, पावत्या आणि पंखा, काहीच वगळले नाही. वगळण्यासारखे धड काही त्यात नव्हतेही.

पंकजाताईंनी ऐकून घेतले. शाळा-महाविद्यालयांत आयुष्य घालवलेल्या माणसाला सबब आणि उत्तर यांतला भेद ऐकू येतो. त्या म्हणाल्या, "विश्वस्तांना मी एवढंच विचारलं की पदवीधर नेमला, तर त्याला ही यंत्रं ओळखून द्यायला कोण लागेल? ते म्हणाले, तांबोळी. मग मी म्हटलं, दोन पगार कशाला द्यायचे? ते त्यांना लगेच पटलं. एक वर्ष परिवीक्षेवर, त्यानंतर कायम. पगार साइटवर मिळतो त्यापेक्षा कमीच असेल. आणि या इमारतीतली कोणतीही नोंद पंख्याखाली बसून होणार नाही."

"नाही होणार."

"आणि भाषण करायचं झालं तर मला आधी विचारा. नवमीचं मला कुणीतरी पाठवलं होतं."

बाहेर आला तेव्हा परवेझला आनंद झाला होता, पण त्या आनंदाला नेमके कुठे चिकटवावे हे त्याला कळेना. आपली निवड गुणांवर झाली असे तो जिना उतरेपर्यंत स्वतःला पटवू पाहत होता. ती काटकसरीवर झाली होती. जगातल्या एका इमारतीत त्याच्याइतक्या चुका आणखी कोणी केलेल्या नव्हत्या, म्हणून ती इमारत त्याच्याइतकी आणखी कोणाला ठाऊक नव्हती. पात्रता म्हणून हे कागदावर लिहिता येण्याजोगे नव्हते. पण त्याच्याकडे दुसरी नव्हती.

खाली कंपनीचा मुक्काम उठत होता. पुढची इमारत जालन्याला होती. शिड्या, वायरींची भेंडोळी, हत्यारांच्या पेट्या आणि मेसमधली मोठी परात टेम्पोत चढली. अमृतने सगळ्यांशी हस्तांदोलन केले आणि गाडीत बसता बसता परवेझला म्हणाला, "राहिलेलं काही असेल तर सावकाश करा." फिटर, मजूर एकेक करून टेम्पोत चढले. परवेझनेही शेवटच्या पेट्या वर घ्यायला हात लावला, दोरी आवळली, मागचा फाळका लावला, आणि टेम्पोवाल्याने भोंगा वाजवताच तो चालकाशेजारच्या जागेवर चढून बसला. दार ओढून घेतले. वीस वर्षांत ताब्याच्या दिवशी त्याने दुसरे काही केलेले नव्हते.

टेम्पो फाटकापर्यंत आला. मधे दाटीवाटीने बसलेल्या कानिफनाथाने मान वळवली.

"भाई," तो म्हणाला, "तुमी कुठं निघाले?"

परवेझने समोरच्या काचेतून पाथर्डी रस्ता पाहिला. मग कानिफनाथाकडे पाहिले.

"हे दार नीट लागतं का ते पाहत होतो," तो म्हणाला.

"लागतं की," कानिफनाथ म्हणाला. "उतरून बाहेरूनबी लावून बघा."

परवेझ उतरला आणि त्याने दार बाहेरून लावले. ते नीट लागले. टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत तो, तपासणी करणाऱ्या माणसाला शोभेल अशा गंभीर चेहऱ्याने, फाटकात उभा राहिला. फाटकावरच्या नव्या पहारेकऱ्याने त्याला विचारले की साहेब, आपल्याला आत कुणाला भेटायचे आहे.